बर्फाचा डोंगर आणि सोळा वर्षांची अट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रकला स्पर्धेची चौकट आली होती. विषय 'मला आवडणारा डोंगर', माध्यम कोणतंही, वयोगट ५ ते १६. ती चौकट मी कापून ठेवली आहे. विषय वाचला तेव्हा हात आपोआप ब्रशकडे गेला होता, वयोगट वाचला आणि थांबला. मी ६४ वर्षांची आहे. गेली तीन वर्षं डोंगर रंगवायला शिकते आहे, तोही आमच्या साताऱ्याचा नव्हे, बर्फाचा. माझ्यासारखी आणखी आठ माणसं दर शनिवारी संध्याकाळी माझ्या पडवीत बसून तेच करतात. आम्हा नऊ जणांची एक मागणी आहे. ती शेवटी लिहिते. आधी बर्फाच्या डोंगराबद्दल लिहू द्या, त्याशिवाय मागणीचं कारण कळणार नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात अनुरेखक होते. १९८४ साली लागले, २०१९ साली निवृत्त झाले. जुन्या नकाशावर ट्रेसिंग कापड पसरायचं आणि गटाची हद्द, ओढा, पायवाट, विहीर, सगळं रेघ न् रेघ खाली होतं तसं वर उतरवायचं, हे माझं काम. शाईचा एक थेंब सांडला की कापड वाया. पस्तीस वर्षं मी रेघा ओढल्या, पण चित्र म्हणून एकही काढलं नाही. सातवीत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं मनात होतं. चित्रकलेच्या सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "तुझ्या हातात चित्र नाही, पण अक्षर चांगलं आहे." सर मनाने चांगले होते, हे आजही सांगते. पण बारा वर्षांच्या मुलीला एवढं वाक्य पुरतं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं मी रंगांच्या दुकानात गेले ती फक्त शाई आणायला.

२०२२ च्या दिवाळीत नातू आला होता, तेव्हा पाचवीत होता. शाळेसाठी त्याला हिवाळ्याचं चित्र काढून न्यायचं होतं आणि समोर हिमालयाचा फोटो होता. त्याने दोन टोकदार त्रिकोण काढले. मधून अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचं झाड. हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाच्या वहीत सापडेल, माझ्याही वहीत होतं. मग त्याने पेटीतला पांढरा रंग घेतला, त्रिकोणावर फिरवला आणि अडला.

"आजी, कागद पांढराच आहे. मग बर्फ दिसणार कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याने काळ्या स्केचपेनाने कडा ठसठशीत केल्या, डोंगराचा तंबू झाला आणि तो खेळायला पळाला. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

त्या संध्याकाळी गच्चीत उभी असताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो, मागे यवतेश्वरचा डोंगर. दोघांचेही माथे सपाट, परातीसारखे. सह्याद्री असाच आहे. साडेसहा कोटी वर्षांहून जुने लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेत, म्हणून आमच्या डोंगरांना पायऱ्या आहेत आणि वर पठारं आहेत. या गावात जन्मलेलं मूल डोळे उघडल्यापासून सपाट माथ्याचा डोंगर बघतं आणि वहीत मात्र टोकदार त्रिकोण काढतं! म्हणजे आम्ही कुणीच समोरचा डोंगर बघून काढला नव्हता. आधीच्या कुणीतरी काढलेला त्रिकोणच पिढ्यान् पिढ्या उतरवत आलो. उतरवण्याचं काम मला चांगलं कळतं, म्हणून हे मनाला फार लागलं.

योग असा, की त्याच नोव्हेंबरात आमच्या महिला मंडळाची उत्तराखंडातल्या कुमाऊंची सहल होती. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे गाडीने अल्मोडा आणि मग कौसानी. १९२९ साली गांधीजी तिथे राहिले होते, त्या जागी आज अनासक्ती आश्रम आहे. हिंदी कवी सुमित्रानंदन पंत यांचा जन्मही त्याच गावचा. पण मी गेले होते नातवाचा प्रश्न घेऊन. बर्फाशी माझी ओळख तोवर गोळ्याच्या गाडीपुरती. फार तर महाबळेश्वरला एका कडक थंडीत वेण्णा तलावाकडे स्ट्रॉबेरीच्या पानांवर गोठलेलं दव पाहिलं होतं, तेवढंच.

पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून गच्चीत बसले. समोर उत्तरेला आधी नुसता काळोख, खाली दरीत धुकं. मग खूप वर, आभाळाच्या भागात, जिथे डोंगर असेल असं मनातही आलं नव्हतं, तिथे एक गुलाबी ठिपका उमटला. ती नंदादेवी, ७,८१६ मीटर. थोड्याच वेळात तिच्या डावीकडे त्रिशूळाचं टोक पेटलं, ७,१२० मीटर. गुलाबीचं केशरी झालं, केशरीचं सोनेरी आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळी रांग पांढरी. आजूबाजूच्या बायका हात जोडून उभ्या होत्या. मीही जोडले. मग वही उघडली आणि खात्यात असताना जशी टिपणं करायची तशी एक-एक गोष्ट लिहीत गेले. ती वही अजून आहे. त्यात चित्र नाही, नुसती वाक्यं आहेत.

पहिलं वाक्य असं आहे: 'आभाळ डोंगरापेक्षा गडद आहे.'

हे लिहिताना माझाच विश्वास बसेना, म्हणून डोळे किलकिले करून पुन्हा पाहिलं. खरंच होतं. आमच्याकडे डोंगर नेहमी आभाळापेक्षा गडद असतो. पावसाळ्यात हिरवट काळा, उन्हाळ्यात तपकिरी, संध्याकाळी जांभळा, पण आभाळ उजळ आणि डोंगर गडद हे ठरलेलं. बर्फाच्या डोंगरापाशी हे सगळं उलटतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी-नव्वद टक्के उजेड परत फेकतो. म्हणून ऊन पडलेला बर्फ त्या निळ्या आभाळाहून उजळ दिसतो. नातवाच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. बर्फ दिसावा म्हणून बर्फ रंगवायचाच नाही, त्याच्या मागचं आभाळ रंगवायचं. डोंगराची कड आभाळाच्या रंगाने घडते आणि आतला कागद कोरा राहतो.

दुसरं वाक्य: 'उजवी बाजू पांढरी, डावी निळी.' आम्ही उत्तरेकडे तोंड करून बसलो होतो, सूर्य उजव्या हाताला. शिखराच्या टोकापासून एक वाकडीतिकडी धार खाली उतरत होती, आणि धारेच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळे रंग होते. सावलीतला बर्फ राखाडी नव्हता, काळाही नव्हता. चक्क निळा होता. नंतर त्याचं कारण समजलं. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे फक्त आभाळाचा उजेड पोचतो, आणि आभाळ निळं. पांढरी वस्तू मिळेल तो रंग घेते.

ही निळाई बघताना मला आई आठवली. आमच्या लहानपणी धुतलेली धोतरं, सदरे, चादरी शेवटच्या पाण्यात निळीत बुडवून काढायची पद्धत होती. बादलीभर पाण्यात नीळ किती घालायची याचा आईचा अंदाज कधी चुकत नसे. जास्त झाली की कपडे आभाळी होतात, कमी झाली की पिवळट राहतात. पांढरं उठून दिसायला निळं लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे रंग विकत घेताना कळलं, की अल्ट्रामरिन नावाचा जो निळा रंग चित्रकार बर्फाच्या सावलीला वापरतात, तोच कपड्यांच्या निळीतही पडत असे. पूर्वी तो अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या लाजवर्द दगडापासून निघायचा आणि सोन्याच्या भावाने विकला जायचा. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवता आला, स्वस्त झाला आणि धोब्याच्या बादलीपर्यंत पोचला. त्रिशूळाच्या सावलीचा रंग माझ्या आईच्या न्हाणीघरात पुडीत बांधलेला होता. हे कळलं त्या दिवसापासून मला रंगांची भीती वाटेनाशी झाली.

परत आल्यावर कॅमलची जलरंगांची पेटी आणली आणि पहिला डोंगर केला. तो बिघडला. दुसरा बिघडला. पाचवा-सहावाही बिघडला. कारण हात अनुरेखकाचा. फोटोतली प्रत्येक घळ, प्रत्येक खडक, प्रत्येक भेग मी बारीक टोकाच्या ब्रशने उतरवत होते. सगळं बरोबर असायचं आणि डोंगर मात्र दिसायचा नाही, नकाशा दिसायचा. कौसानीपासून त्रिशूळ सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. इतक्या लांबून डोळ्याला भेगा दिसत नाहीत, उजेड आणि सावली दिसते. मी डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी काढत होते.

हे सुटलं ते एका चादरीमुळे, आणि आपल्या वाचकांपैकी कुणाला शिकायचं असेल तर त्यांनीही इथूनच सुरुवात करावी असं मी मनापासून सांगते. पांढरी सुती चादर घ्या, सकाळी आठच्या उन्हात गच्चीवर पसरा. दोन्ही हातांनी एका बाजूने पुढे ढकला. चादर उचलली जाते, घड्या पडतात, शिखरं उभी राहतात. खरा हिमालयही असाच झालाय, भारताच्या भूखंडाने खालून आशियाला रेटलं आणि थर दुमडले. आता चादरीकडे डोळे अर्धे मिटून बघा. तीनच गोष्टी उरतात: ऊन पडलेला भाग, सावलीचा भाग आणि घडीच्या खोलातला अगदी गडद भाग. तेवढंच काढायचं. मी चादरीची तीस चित्रं केली असतील, मग पुन्हा त्रिशूळाकडे वळले.

आता आम्ही पडवीत ज्या रीतीने करतो ती थोडी सविस्तर लिहिते. कागद मात्र जलरंगाचाच हवा, ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, थोडा खरबरीत. साधा ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि नवशिका माणूस स्वतःला दोष देतो. दोष कागदाचा असतो. तीस बाय बावीस इंचांचा मोठा कागद आणून त्याचे आठ तुकडे केले की परवडतं. तुकडा पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवायचा. पेन्सिलीची एकच रेघ, डोंगराच्या माथ्याची, तीही हलकी. शिखर कागदाच्या बरोबर मध्ये घ्यायचं नाही आणि दोन्ही उतार सारखे करायचे नाहीत. खरं शिखर कुठल्यातरी एका बाजूला झुकलेलं असतं.

मग फक्त आभाळाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करायचा, रेघेच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही. ओल्यावर अल्ट्रामरिन सोडायचा, वर गडद, खाली येताना फिका. पण डोंगराच्या कडेला लागताना तो इतकाही फिका नको की बर्फाची कड हरवेल. एवढं झालं की हात मागे घ्यायचा. या क्षणी जे दिसतं त्यासाठी मी हे सगळं शिकले असं वाटतं. डोंगराला हात लावलेला नसतो आणि डोंगर समोर उभा असतो.

आभाळ पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. घाई केली की निळा रंग बर्फात उतरतो. वाळल्यावर शिखरापासून खाली धार सोडायची, सरळ नाही, ओढ्यासारखी वळणं घेत, आणि तिच्या डाव्या अंगाला निळ्या सावलीचा फिका हात द्यायचा. हा रंग अल्ट्रामरिनमध्ये अगदी किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, मिसळून होतो. हेच दोन रंग दाट मिसळले की खडकाचा गडद राखाडी तयार होतो, म्हणून काळ्या रंगाची वडी आम्ही पेटीतून काढूनच ठेवली आहे. खडकासाठी ब्रश जवळजवळ कोरडा करायचा, आडवा धरायचा आणि कागदावरून अलगद ओढायचा. कागदाच्या खरबरीत उंचवट्यांना रंग लागतो, खळग्यांत पांढरं राहतं, आणि बर्फातून डोकावणारा खडक आपोआप होतो. उभ्या कड्यावर बर्फ टिकत नाही, म्हणून खडक तिथेच दाखवायचा, सगळीकडे नाही. पुढच्या टेकड्या शेवटी. लांबची फिकट निळसर, जवळची गडद हिरवी, आणि अगदी पुढे चीड-देवदारांचे पाच-सात शेंडे, ब्रशच्या टोकाने टेकवलेले. चित्र संपलं. पांढऱ्या रंगाला कुठेच हात लागलेला नाही.

यात सोपं केलेलं आहेच. पुष्कळांना ते कमीपणाचं वाटतं, 'ही काय खरी चित्रकला' असं मला तोंडावर ऐकवलंय. त्यांना मी कुलू खोऱ्यातल्या नग्गरला जाऊन यायला सांगते. निकोलस रोरिक हा रशियन चित्रकार १९२८ च्या अखेरीस तिथे येऊन राहिला आणि १९४७ साली तिथेच वारला. त्याचं घर आता संग्रहालय आहे. (मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणी त्याच्या सूनबाई.) त्याने आयुष्यात हजारो चित्रं केली आणि त्यातला फार मोठा भाग हिमालय आहे. मी २०२३ च्या मे महिन्यात मुद्दाम गेले. एका-एका चित्रासमोर उभी राहून रंग मोजले. कितीतरी चित्रांत डोंगर म्हणजे चार-पाच सपाट पट्टे. एक निळा, एक त्याहून गडद निळा, एक जांभळट, वर पांढरं टोक. भेग नाही, दगड नाही. तरी तिथली थंडी अंगावर येते. या माणसाच्या चित्रांना आपल्या सरकारने राष्ट्रीय कलानिधी ठरवलंय, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्याला कळलं होतं. आम्ही त्याच वाटेवर अगदी पहिलं पाऊल टाकतोय, पण वाट तीच आहे.

पडवीतल्या माणसांबद्दल सांगितलं नाही तर पत्र अर्धं राहील. पहिल्या आल्या सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचा हात इतका स्थिर, की आभाळ त्यांच्याकडून शिकावं. मग शेजारच्या गल्लीतले शिंपीमामा आले. त्यांना बर्फाची धार पहिल्याच दिवशी जमली. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, ही तर कापडाची चूण आहे. ताण कुठून येतो ते बघायचं, चूण तिकडूनच सुटते." तेव्हापासून आमच्याकडे धारेला 'चूण' म्हणतात. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, त्यांच्या चित्रात डोंगराच्या पायथ्याचं धुकं विलक्षण येतं. मी डोंगर खालपर्यंत काढून टेकडीला टेकवत होते. त्यांनी ओला ब्रश घेऊन माझ्या डोंगराचा पायथा पुसून टाकला. "आंबेनळी घाटात पंचवीस पावसाळे काढले, बाई. धुक्यात डोंगर खालून नाहीसा होतो, वरून नाही." तो पायथा पुसल्यावर माझा त्रिशूळ पहिल्यांदा उंच वाटला. खानावळ चालवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना आठवड्यात एवढे दोनच तास मोकळे मिळतात. त्या कुणाशी फारसं बोलत नाहीत. एकदा आभाळ वाळायची वाट बघताना म्हणाल्या, "मला कुणी थांब म्हटलेलं हे पहिलंच काम." त्यावर काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही.

यातल्या एकानेही शाळा सोडल्यावर ब्रश हातात धरला नव्हता. प्रत्येकाजवळ माझ्या सरांच्या वाक्यासारखं एखादं वाक्य आहे. कुणाला ते घरात ऐकावं लागलं, कुणाला वर्गात. शिंपीमामांची चित्रकलेची वही वडिलांनी हिशेबाला घेतली होती.

आता पडवी पुरत नाही. पावसाळ्यात ओल येते आणि कागद वाळत नाहीत. म्हणून मागच्या वर्षी आम्ही गावातल्या एका शाळेकडे अर्ज केला. तिथे चित्रकलेचा स्वतंत्र वर्ग आहे, मोठी उत्तरेची खिडकी आहे, नळ आहे, उतरती बाकं आहेत, आणि रविवारी तो वर्ग कुलूपबंद असतो. भाडं देऊ, झाडून देऊ, असं लिहिलं होतं. उत्तर आलं, की हा वर्ग फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे. आम्ही विद्यार्थीच आहोत, असं सांगायला मी पुन्हा गेले. मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि नाही म्हटलं. त्यांच्या अडचणी असतील, पण मला घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही.

आपल्याच जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी होऊन गेले. संस्थानाचा कारभार करता करता ते स्वतः चित्रं काढत, आणि जमवलेल्या कलावस्तूंसाठी त्यांनी श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारलं. राजाने मोठ्या वयात ब्रश धरलेला या जिल्ह्याने पाहिलाय. मग खानावळवाल्या ताईंनी धरला तर त्यांना रविवारचे दोन तास एक नळ आणि एक खिडकी का मिळू नये?

संपादक महोदय, मागणी अशी आहे. पुढच्या स्पर्धेत एक गट वयाच्या अटीशिवाय ठेवा आणि त्याचं नाव 'मोठेपणी सुरुवात' असं ठेवा. आम्हाला बक्षीस नको, प्रमाणपत्र नको. मुलांच्या वाट्याची एक इंचही जागा नको. आठवड्याला एक चित्र, एका स्तंभाच्या रुंदीचं, काळं-पांढरं छापलं तरी चालेल. बर्फाचा डोंगर काळ्या-पांढऱ्यातही दिसतो, कारण तो रंगापेक्षा उजेड-सावलीवर उभा असतो. हे मी फोनवर फोटो काळा-पांढरा करून तपासलं आहे. चित्राखाली नाव, गाव आणि 'सुरुवात केली तेव्हाचं वय' एवढंच द्या. शिंपीमामांचं ५९ होतं, परिचारिकाताईंचं ६३.

दुसरी विनंती शाळा, वाचनालयं आणि नगरपालिकांना आहे, ती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी. ज्या वर्गात चित्रकलेची बाकं आहेत आणि रविवारी कुलूप असतं, तो दोन तास उघडा. शिक्षक नसला तरी चालेल. एक माणूस चार महिने पुढे असला की तो मागच्याला आभाळ कसं रंगवायचं ते सांगू शकतो. आम्ही तसंच शिकलो. कुणाला सुरुवात करायची असेल तर मी आणि वाहक दादा महिन्यातले दोन रविवार जिल्ह्यात कुठेही येऊ. एसटीने येऊ, कागद आमचे आणू. चादर तुमची असू द्या.

नातू आता आठवीत आहे आणि या वर्षी एलिमेंटरीला बसतोय. त्याने माझा त्रिशूळ पाहिला, बर्फावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथे रंगच नाही?" मी नाही म्हटलं. मग त्याने आपली वही आणली आणि डोंगराच्या मागचं आभाळ भरायला घेतलं.

सोबत एक चित्र पाठवते आहे, साडेसात बाय अकरा इंच, 'कौसानीहून त्रिशूळ, सकाळी सव्वासात'. डाव्या उतारावर एक खडक मी गरजेपेक्षा गडद केला आहे, तो कृपया डाग समजू नये. चित्र परत पाठवायची आवश्यकता नाही. माझं नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.

आपली,
एक निवृत्त अनुरेखक, सातारा